उटण्याची पुडी आणि शाम्पूची बाटली

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीला तुळशीबागेतून आणलेली उटण्याची पुडी उरली, तर वर्षभर फडताळात पडून राहते आणि तिला काही होत नाही. पण तेच उटणं दुधात कालवून वाटी बाहेर विसरा. दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. सगळी करामत ओलाव्याची.

मागच्या श्रावणात मी कुंडीतल्या कोरफडीचा गर काढून बाटलीत भरला. 'केमिकल नाही हो यात!' असं शेजारी मिरवूनही झालं. पुण्याची ती दमट हवा, आणि बाटली न्हाणीघरात. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आतल्या कडेला राखाडी, केसाळ बुरशी.

लोशनमध्ये सगळ्यात जास्त असतं ते पाणीच. शिवाय क्रीमच्या डबीत आपण रोज बोट घालतो. म्हणून त्यात परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. वर्षानुवर्षं हे काम पॅराबेन करत आले. 2004 साली इंग्लंडमधल्या संशोधकांना स्तनाच्या गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेन सापडले. त्यांच्यामुळे गाठी झाल्या, असं त्या अभ्यासानं दाखवलं नव्हतं. निरोगी पेशींशी तुलनाही केलेली नव्हती. पण बोभाटा व्हायचा तो झालाच, आणि बाटल्यांवर 'पॅराबेन-फ्री' झळकू लागलं.

मग पॅराबेनच्या जागी आलेल्यांपैकी एक मेथिलआयसोथायाझोलिनोन. नाव म्हणता म्हणता दम लागतो! युरोपनं 2005 मध्ये ते एकट्यानं वापरायला परवानगी दिली, 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. एवढंसंही पुष्कळांना बाधलं. ओल्या वाइप्सनी हात पुसणाऱ्यांना, क्रीम लावणाऱ्यांना खाज, लाल चट्टे. 2013 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला 'वर्षातला ॲलर्जन' ठरवलं. 2017 पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्याला बंदी आहे. धुऊन टाकायच्या वस्तूंत पुढे 15 पीपीएमची मर्यादा आली. आणि गंमत ऐका: 2019 मध्ये त्याच संघटनेनं पॅराबेनना 'ॲलर्जी न करणारे' म्हणून तोच मान दिला! अर्थात सगळेच पॅराबेन सुटले असं समजू नका. हार्मोन्सवर परिणामाच्या शंकेवरून युरोपनं काहींचं प्रमाण घटवलं, आणि सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही म्हणून पाच प्रकार 2014 मध्ये बंदच केले.

तेव्हा बाटलीची पुढची बाजू सोडा, पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचा. चष्मा लावून वाचा. मीही लावतो.

आता आपली खास सवय. शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालायचं, खळखळवायचं आणि आठवडाभर पुरवायचं. आमच्या घरी हे परंपरेनं चालतं. पण त्या पाण्यानं परिरक्षकही पातळ होतं, आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. पाणी घालायचंच असेल तर त्याच अंघोळीला बाटली संपवा. नमस्कार.