दगड होणारं पाणी

आधी हा आवाज ऐका.

हा कार्लोव्ही वारीचा व्रझीद्लो झरा. झेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेला, तेप्ला नदीच्या अरुंद खोऱ्यात. पाणी ७३ अंश सेल्सियस, उसळी १२ मीटरपर्यंत, मिनिटाला सुमारे २,००० लीटर. पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड वर येताना सुटतो आणि पाण्याला उसळवतो.

सम्राट चौथ्या कार्लच्या शिकारी कुत्र्याला हा झरा सापडला, असं दंतकथा सांगते. गावाला शहराचे हक्क कार्लनेच दिले, १३७० साली.

त्या काळी या पाण्याने बरं व्हायला येणारे रुग्ण तासन्‌तास गरम पाण्यात बसून राहत. कातडी सोलवटली की रोग बाहेर पडला, असं मानत! अठराव्या शतकात इथल्या डॉक्टर डेव्हिड बेखर यांनी पाण्याचं पृथक्करण केलं आणि रुग्णांना सांगितलं, झऱ्यापाशी या, तिथेच प्या, आणि चाला. या गावाने सर्वांत जास्त ऋण मानावं ते त्यांचं. समोरचा मिल कोलोनेड, म्हणजे खांबांची छतवाली वाट, त्याच चालण्यासाठी आहे. वास्तुकार योसेफ झीतेक, १८८१ साली पूर्ण. १२४ खांबांच्या आडोशाने भर पावसातही फेऱ्या चालूच राहतात.

प्रत्येकाच्या हातात चपटा चिनीमातीचा पेला. त्याचा कान पोकळ असतो, आणि प्यायचं ते त्या कानातूनच. त्यामुळे गटागटा पिता येत नाही. एकेक घोट, मग चार पावलं. चव खारट, थोडी लोखंडी. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतंच.

पण या पाण्याची खरी करामत वेगळी आहे. ते दगड बनवतं. वर येऊन निवलं, वायू उडाला, की विरघळलेले क्षार अ‍ॅरागोनाइट नावाचं खनिज होऊन साचतात. नळ बुजतात, ते पुन्हा पुन्हा साफ करावे लागतात. झऱ्याभोवतीचं जुनं गाव अशाच साचलेल्या थरावर उभं आहे. हा थर फुटून नदीच्या पात्रातून गरम पाणी उसळल्याच्या घटनाही जुन्या काळी घडल्या आहेत. पायाखाली असं पाणी घेऊन लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता हे जवळून पाहा. कागदाचे गुलाब या पाण्याखाली ठेवतात. काही दिवसांत पाकळीवर तांबूस दगडाची पुटं चढतात. तो रंग लोहाचा. दुकानातून एक उचलला, तर हाताला चांगलंच वजन लागतं. कड जराशी टवका उडालेली आहे.

आत अजून कागदच आहे.