शैक्षणिक कर्ज आणि जुगार : निर्बंध कोणावर?

शैक्षणिक कर्जातून मिळालेला पैसा विद्यार्थ्याने जुगारात लावावा का, या प्रश्नाला या सभागृहात कोणी होकारार्थी उत्तर देईल असे मला वाटत नाही, आणि म्हणून त्यावर मी आपला वेळ घेणार नाही. खरा वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. तसे करण्यापासून विद्यार्थ्याला रोखावे का, रोखायचे झाले तर कोणी रोखावे, आणि निर्बंधाचा भार कोणाच्या अंगावर टाकावा? माझे मत आधीच सांगून टाकतो. निर्बंध हवा, मात्र तो विद्यार्थ्याच्या वागण्यावर पहारा ठेवणारा नको. कर्जाचा पैसा ज्या वाटेने जुगार चालवणाऱ्याच्या खात्यात जाऊन पडतो, त्या वाटेवर तो हवा.

ही वाट नीट पाहिली पाहिजे, कारण बहुतेक चर्चांमध्ये तीच गृहीत धरलेली असते. शैक्षणिक कर्जाचे साधारणपणे दोन भाग असतात. शिक्षणशुल्काचा भाग विद्यार्थ्याच्या हाती सहसा येतच नाही. भारतात बँका शुल्काची रक्कम शक्यतो थेट संस्थेकडे पाठवतात. इंग्लंडमध्ये शुल्काचे कर्ज परस्पर विद्यापीठाला मिळते. अमेरिकेत संघराज्याचे कर्ज आधी महाविद्यालयाच्या हिशेबात जमा होते आणि शुल्क वळते करून उरलेली रक्कम साधारणतः १४ दिवसांच्या आत विद्यार्थ्याला द्यावी लागते. म्हणजे जुगाराचा प्रश्न उरतो तो या उरलेल्या, निर्वाहासाठी दिलेल्या रकमेपुरता. एकूण कर्जाच्या मानाने ती रक्कम लहान वाटेल, पण इंग्लंडमध्ये ती वर्षातून तीनच हप्त्यांत येते. घरभाडे, जेवण, प्रवास, पुस्तके अशा सगळ्यांची कित्येक महिन्यांची तरतूद अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खात्यात एका सकाळी एकदम दिसते, आणि तोपर्यंतच्या आयुष्यात स्वतःच्या नावावर एवढी रक्कम त्याने बहुधा पाहिलेली नसते.

आता काही जण म्हणतील की निर्बंध तर आधीपासूनच आहे, आणि कागदोपत्री ते खरे आहे. अमेरिकेत संघराज्याचे कर्ज घेताना विद्यार्थी ज्या वचनपत्रावर सही करतो, त्यात हा पैसा मान्य शैक्षणिक खर्चासाठीच वापरीन असे तो लिहून देतो. इतरत्रही कर्जाच्या विनियोगाची अट असते. पण ही अट पाळली गेली की नाही, हे तपासायचे कसे? विद्यार्थ्याच्या खात्यात कर्जाचा हप्ता असतो, सुटीत केलेल्या नोकरीचा पगार असतो, घरून आलेले पैसे असतात, आणि एकदा खात्यात पडल्यावर या तिन्ही रकमा एकमेकींत मिसळून जातात. महिन्याभराने त्याने एका सामन्यावर वीस पौंडांची पैज लावली, तर ते वीस पौंड कर्जातले होते की पगारातले, हे कोणताही हिशेबतपासनीस सांगू शकणार नाही. सांगायचेच ठरवले तर प्रत्येक कर्जदार विद्यार्थ्याच्या खात्यातला प्रत्येक व्यवहार कोणीतरी वाचत बसावा लागेल.

आणि तो फक्त कर्जदाराचाच वाचला जाईल, हे विसरू नका. ज्याचे शुल्क आणि खर्च वडिलांनी भरले, तो विद्यार्थी त्याच वसतिगृहात, शेजारच्याच खोलीत बसून वडिलांचे पैसे उडवायला मोकळा राहील, आणि ज्याला कर्ज काढल्यावाचून शिकता आले नसते त्याने मात्र आपल्या खात्याचे उतारे दाखवायचे. जुगार दोघांसाठी सारखाच घातक असताना पहारा एकावरच बसवणारा नियम मला मान्य होण्यासारखा नाही. गरिबाला मदत देताना त्याच्या चारित्र्याची झडती घेण्याची सवय समाजाला फार जुनी आहे, आणि चांगल्या हेतूने केलेल्या नियमांतूनही ती डोकावते.

मग प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्याचे काय? ज्याला मतदान करता येते, करार करता येतो आणि कर्जाच्या कागदावर सही करता येते, त्याला आपल्या खात्यातले पैसे कसे खर्चावेत हे सरकारने का सांगावे, हा आक्षेप हलका नाही. पैसा सर्वस्वी त्याचा असता तर मीही त्याच बाजूला उभा राहिलो असतो. पण शैक्षणिक कर्जातला तोटा क्वचितच एकट्याचा असतो. इंग्लंडमध्ये २०२३ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांना जी योजना लागू झाली, तिच्यात वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेले की वरच्या रकमेच्या ९ टक्के परतफेड करायची असते आणि ४० वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. ते माफ झालेले पैसे करदाते भरतात. अमेरिकेतले चित्र नेमके उलटे आहे. तिथे १९९८ च्या दुरुस्तीनंतर संघराज्याचे शैक्षणिक कर्ज आणि २००५ च्या कायद्यानंतर बहुतेक खाजगी शैक्षणिक कर्जेसुद्धा, अपवादात्मक हलाखी सिद्ध केल्याखेरीज, दिवाळखोरीतही माफ होत नाहीत. विसाव्या वर्षी उडवलेला हप्ता चाळिशीतही पिच्छा सोडत नाही. आणि जिथे आई किंवा वडील सहकर्जदार असतात तिथे मुलाच्या पैजेखाली त्यांचीही सही असते, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. स्वातंत्र्याचा युक्तिवाद एवढ्याने मोडीत निघत नाही, पण ‘माझा पैसा, माझी मर्जी’ हे त्याचे सोपे रूप इथे टिकत नाही.

या खेळांचे गणित जरा जवळून पाहू, कारण ‘थोडेसे खेळलो’ याचा अर्थ रुपया-पौंडांत काय होतो याची कल्पना फार थोड्यांना असते. मोबाइलवर चालणाऱ्या स्लॉट या चक्रीच्या खेळात, ब्रिटनच्या नियमानुसार, एका फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत. न थांबता खेळणारा तासात जास्तीत जास्त १,४४० फेऱ्या खेळू शकतो. प्रत्येक फेरीला ५ पौंड लावले तर तासाची उलाढाल ७,२०० पौंडांची होते. लावलेल्या रकमेपैकी सरासरी ९६ टक्के परत देणारा खेळ धरला, आणि हा आकडा जाहिरातीत उदारपणाचा म्हणून मिरवता येईल असा आहे, तरी सरासरी तोटा तासाला २८८ पौंडांचा पडतो. खिशातून आपण ७,२०० पौंड काढले असे खेळणाऱ्याला कधीच जाणवत नाही, कारण तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरत असतात आणि अधूनमधून जिंकल्याचा आवाजही होत असतो. इतका वेळ सलग त्याच वेगाने कोणी खेळत नाही हे मान्य. पण महिन्याची तरतूद एका रात्रीत कशी संपते, हे समजून घ्यायला तेवढ्या वेगाची गरजही नाही.

ब्रिटनने २०२५ मध्ये याच ठिकाणी हात घातला. ऑनलाइन स्लॉटवर एका फेरीला लावायची रक्कम एप्रिलपासून ५ पौंडांपुरती मर्यादित झाली आणि १८ ते २४ वयोगटासाठी मे महिन्यापासून २ पौंडांपुरती. आपल्या मघाच्या हिशेबात २ पौंड घातले की तासाचा सरासरी तोटा २८८ वरून सुमारे ११५ पौंडांवर येतो. या नियमात मला आवडणारी गोष्ट अशी की तो विद्यार्थी कोण आणि बिगरविद्यार्थी कोण हे विचारत नाही, कर्ज आहे का हेही विचारत नाही, आणि तो पाळण्याची जबाबदारी पूर्णपणे परवानाधारक कंपनीवर टाकतो. चोवीस वर्षांच्या कामगारालाही तो तितकाच राखतो.

उसन्या पैशावर जुगार नको, हे तत्त्वही कायद्याला नवीन नाही. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी आली, आणि ऑस्ट्रेलियाने जून २०२४ पासून ऑनलाइन पैजांसाठी क्रेडिट कार्ड बंद केले. पण इथे एक फट राहिली. क्रेडिट कार्डाचे कर्ज बँकेच्या यंत्रणेला कर्ज म्हणून दिसते. शैक्षणिक कर्ज मात्र एकदा चालू खात्यात जमा झाले की डेबिट कार्डातून बाहेर पडते आणि यंत्रणेच्या दृष्टीने ती खातेदाराची स्वतःची शिल्लक असते. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या खात्यांवर बँका देतात ती बिनव्याजी ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक संपल्यावरही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची, सवलतही याच फटीतून निसटते. पन्नाशीच्या नोकरदाराला क्रेडिट कार्डाच्या उधारीवर पैज लावता येत नाही, आणि ज्याच्या हातातला बहुतेक पैसा उधारीचाच आहे अशा एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र लावता येते. ही विसंगती कोणी हेतुपुरस्सर ठेवली असे मी म्हणत नाही, पण ती दूर करता येण्यासारखी आहे.

त्यासाठी लागणारी साधने बरीचशी तयार आहेत. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराला व्यापाराच्या प्रकाराचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि जुगार-पैजांसाठी तो ७९९५ आहे. या क्रमांकाच्या आधारे ग्राहकाने सांगितले तर जुगाराचे व्यवहार रोखण्याची सोय ब्रिटनमधल्या काही बँका २०१८ पासून देऊ लागल्या. आज ही कळ ग्राहकाने स्वतः दाबायची असते, आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे तोच ती दाबत नाही. विद्यार्थी-खाते उघडतानाच ती दाबलेली असावी, ज्याला नको असेल त्याने ती काढून टाकावी, पण काढल्यानंतर दोन दिवसांनी खाते मोकळे व्हावे, एवढीच माझी सूचना आहे. बंदी नाही, परवानगीचा अर्ज नाही, कोणाचे उतारे वाचणे नाही. मध्यरात्री हरलेल्या माणसाला सकाळ होऊ देणे, इतकाच तिचा उद्देश.

दुसरे साधन त्याहून साधे आहे. स्कॉटलंडमध्ये निर्वाहाचे कर्ज महिन्यामहिन्याने मिळते. इंग्लंडमधल्या तीन हप्त्यांऐवजी तसेच का होऊ नये? घराची अनामत रक्कम एकदम भरावी लागते, त्यामुळे पहिला हप्ता मोठा ठेवावा लागेल. तेवढी अडचण सोडवण्याजोगी आहे.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-पैजांवरची संघराज्याची आडकाठी काढल्यावर काही विद्यापीठांनीच पैज-कंपन्यांशी करार केले, आणि एका करारात तर विद्यापीठाच्या दुव्यावरून आलेल्या प्रत्येक नव्या ग्राहकामागे विद्यापीठाला ३० डॉलर मिळण्याची तरतूद होती. असे करार करू नयेत, असा नियम त्या उद्योगाच्या संघटनेला २०२३ मध्ये स्वतःच आपल्या आचारसंहितेत घालावा लागला. एका हाताने विद्यार्थ्याच्या कर्जातून शुल्क घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला पैजेच्या दारात सोडल्याचे दाम घ्यायचे, या व्यवहारानंतर विद्यार्थ्याला संयमाचे धडे देण्याचा अधिकार संस्थेला उरत नाही.

सरसकट बंदीचा मार्गही आहे. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ती बंदी योग्य की अयोग्य हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मला इथे तिची रचना महत्त्वाची वाटते. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे वाहून नेणाऱ्याला; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बंदीनंतरही परदेशी संकेतस्थळे राहतात, मित्राचे खाते राहते, आणि ‘मला खेळू देऊ नका’ असे सांगून स्वतःचे नाव वगळून घेण्याची सोय बेकायदा ठिकाणी नसते, हे तोटे मला दिसतात. शिवाय जुगाराची हद्द कुठे संपते हाही प्रश्न उरतोच. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवर केलेल्या सौद्यांत, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाल्याचे सेबी या बाजार-नियामक संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले, पण त्या व्यवहारांना ७९९५ हा क्रमांक लागत नाही.

शेवटी त्या विद्यार्थ्याकडे वळतो ज्याचा हप्ता आधीच गेलेला आहे. कडक नियमांचा आग्रह धरणारे सुचवतात की अट मोडणाऱ्याचे कर्ज थांबवावे किंवा पूर्ण रक्कम एकदम मागावी. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या गटात घातले. त्याच्या लक्षणांत हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायला जाणे आहे, आणि जुगार लपवण्यासाठी खोटे बोलणेही आहे. एकदम वसुलीची धमकी या दोन्ही लक्षणांना खतपाणी घालते : रक्कम भरून काढायची घाई वाढते आणि खरे सांगण्याची किंमतही वाढते. आजही काही विद्यापीठांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतनिधीकडे अर्ज करताना बँक-खात्याचे उतारे जोडावे लागतात. त्यांत पैजांच्या नोंदी असतील तर अर्ज फेटाळला जाईल या भीतीने मुलगा अर्जच करत नाही, आणि भाडे थकल्यावर शिक्षण सोडून घरी निघून जातो. कर्ज मात्र तसेच राहते. अशा अर्जाला नकार देण्याऐवजी मदत मंजूर करावी, भाडे परस्पर घरमालकाला द्यावे, जेवणाचे पैसे आठवड्याला द्यावेत, आणि खात्यावरची कळ त्याच टेबलाशी बसून, त्याच्या संमतीने, दाबून घ्यावी.