उधार चिंचोका मिळणार नाही

(लोकमान्य नगर, इंदूर. जुन्या घराचं माजघर. पितळी डब्याचं झाकण उघडतं. आत चिंचोके.)

हा डबा वर्षातून एकदाच फळीवरून खाली यायचा, दिवाळीच्या पाडव्याला. पंचांगात त्या दिवसाला बलिप्रतिपदा म्हणतात. त्याचं दुसरं नाव आपण पोरांना सहसा सांगत नाही: द्यूतप्रतिपदा. म्हणजे त्या दिवशी डाव मांडायला शास्त्राचीच मुभा.

पण या घरातल्या आजींचं स्वतःचं शास्त्र होतं. प्रत्येकाला वीस चिंचोके. बसायचं ते माजघरातच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. साडेदहाला आजी उठल्या की तीन पत्ती बंद, मग तुमच्या हातात तीन एक्के का असेनात. आणि ज्याचे चिंचोके संपले त्यानं मुकाट्यानं उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचा. कोणी लाडीगोडी लावलीच तर उत्तर ठरलेलं: ‘उधार चिंचोका मिळणार नाही.’

आजी गेल्या, त्याला आता बारा वर्षं झाली.

(पासबुकाची पानं. नाव आणि खाते क्रमांक झाकलेले.)

हे पासबुक त्यांच्या नातवाचं. त्याचं नाव सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. वय ३६, पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सुरुवात २०२० मध्ये झाली. त्या वर्षी आयपीएल दुबई-अबू धाबीला होती, प्रेक्षक घरात कोंडलेले आणि कामावरची बस बंद. ४९ रुपये लावून मोबाईलवर खऱ्या खेळाडूंची आपली टीम निवडायची, जमली तर पैसे. मित्रानं लिंक पाठवली होती.

नोंदी वाचून दाखवते. ४९. ४९. ४९. ९९. ४९. पुढच्या पानावर ५००. आणखी चार पानांनंतर एकाच रात्रीत सतरा नोंदी, त्यातली शेवटची ८,०००.

त्याची बायको पासबुक छापायला बँकेत गेली होती. मशीन मध्येच थांबलं आणि नवं पासबुक मागू लागलं. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. ती तिथेच, रांगेत उभ्या उभ्या, पानं वाचायला लागली. मागचा माणूस म्हणाला, ‘दीदी, जरा जल्दी.’

कॅमेऱ्यासमोर बसल्यावर तो पहिलं वाक्य हेच बोलला: ‘ताई, मला कोणी बळजबरी केली नव्हती. बोट माझं, पिन माझा.’

(ओटा. संध्याकाळ. एक निवृत्त बँक अधिकारी.)

त्याचे काका याच्याही पुढे जातात. ‘सरकारनं काय काय बंद करायचं? गुजरातेत स्थापनेपासून दारूबंदी आहे ना? बडोद्याला माझी बहीण राहते, तिला विचारा काय बंद आहे ते. बुडणारा बुडतोच. घरात संस्कार पाहिजेत.’

काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बंदीनं वस्तू दुकानातून जाते, गल्लीतून जात नाही, हे आपण इंदूरकर दर आयपीएलला बघतो. फ्लॅटमध्ये छापा पडतो, टेबलावर वीस-पंचवीस मोबाईल मांडून पोलीस फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, आणि तिसऱ्या दिवशी भाव पुन्हा सुरू. सट्ट्याची या शहराला तशी लाजही कधी फारशी वाटली नाही. इतवारियातलं काचमंदिर ज्यांनी बांधलं ते सेठ हुकुमचंद कापसाच्या तेजी-मंदीतले राजेच होते. पण संस्कारांचं म्हणाल, तर ते याच माजघरात होते. आजी हीच होती. नातूही हाच.

वाद तसा जुनाच आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाला सरळ आज्ञा आहे, द्यूत राज्यातून हाकलून दे. कौटिल्य जास्त व्यवहारी निघाला. त्यानं द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी चालेल असा नियम केला, दुसरीकडे खेळताना सापडला तर बारा पण (तेव्हाची नाणी) दंड, आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच राजाचे. फासेसुद्धा सरकारी, म्हणजे लबाडी नको. थोडक्यात, आजींचं माजघरच, फक्त वर कर.

मग इंग्रजांचा १८६७ चा जुगारविरोधी कायदा आला. त्याच्या डोळ्यांसमोर होता तो अड्डा: भिंती, दार, आत पत्ते, बाहेर पाळतीला उभा असलेला पोरगा. अड्डा चालवणाऱ्याला दोनशे रुपये दंड किंवा तीन महिने कैद. खिशातल्या फोनला ना दार ना भिंत. शिवाय त्याच कायद्यात एक खिडकी होती. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्या खिडकीतून पैशांच्या ऑनलाइन खेळांचा अख्खा उद्योग आत आला.

सरकार तेव्हा झोपलं होतं असं नाही. ते मोजत होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी. जिंकलात तर निव्वळ रकमेवर ३० टक्के कर वेगळा. कौटिल्याचे शेकडा पाच आठवा आणि बघा, कोण जास्त परवडलं.

(टीव्हीवरची जुनी जाहिरात, आवाज बंद.)

इथे मला जरा थांबायचंय, कारण निवेदन हे माझं पोटापाण्याचं काम आहे. डिसेंबर २०२० पासून या जाहिरातींना शेवटी एक इशारा जोडावा लागायचा. यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीनं आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा. मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं होतं, हा इशारा साध्या बोलण्याच्या वेगात असावा. तुम्ही तो कसा ऐकलात? घोडा उधळल्यासारखा. एका श्वासात एवढी अक्षरं आपोआप बसत नाहीत, तालीम करावी लागते. ‘जबाबदारी’ हा शब्द सगळ्यांत वेगानं म्हटला जायचा.

आता जबाबदारी म्हणजे काय, ते त्याच रात्रीच्या सतरा नोंदींत बघू. पहिली नोंद साडेनऊची. ती त्याची, शंभर टक्के. चौथ्या नोंदीला तो तीन हजारांनी मागे होता. तिथून पुढे तो जिंकण्यासाठी खेळतच नव्हता. या लोकांचा एक शब्द आहे, रिकव्हरी. ‘रिकव्हर झालं की बंद, भिया, आईशप्पथ.’ गेलेला पैसा आणण्यासाठी पैसा घालायचा. मानसोपचारात या पाठलागाला आजाराचं ठळक लक्षण मानतात. २०१३ पासून अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गवारीत जुगाराचा विकार दारू आणि अफूच्या व्यसनांच्या रांगेत बसवलाय. त्याआधी तो आवेग न आवरण्याच्या खात्यात होता. वर्गवारी बदलली म्हणून घरी कोणाचं चुकलं हा प्रश्न सुटत नाही. पण सतराव्या नोंदीला ‘अरे, मन आवर’ म्हणणं म्हणजे ताप चढलेल्याला थर्मामीटर दाखवून रागावणं.

आणि मधल्या दोन नोंदी खर्चाच्या नाहीत, जमेच्या आहेत. रात्री पावणेदोनला पंधरा हजार जमा. कर्जाचं ॲप. सही नाही, जामीन नाही, समोर माणूस नाही.

त्याची बायको फार बोलत नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, ‘चूक यांचीच, मी नाही म्हणतच नाही. पण रात्री पावणेदोनला आमच्या घरात कोण आलं होतं पैसे घेऊन?’

(संसद भवन, बाहेरून.)

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य की नशीब, हा भेदच काढून टाकला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, बँकांना व्यवहार करायला मनाई. सरकारचाच अंदाज होता की ४५ कोटी लोक वर्षाला वीसेक हजार कोटी रुपये घालवतात. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायद्यानं त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही, हे मला पटतं.

पण पिंजऱ्यातून सुटून तो गेला कुठे? परदेशातली ॲपं बंद झालेली नाहीत, त्यांच्या लिंक अजून फिरतात. बाजीचा करार आपल्याकडे १८७२ पासून रद्दबातल आहे, जिंकणाऱ्याला कोर्टात दावा लावता येत नाही. या नातवाचं देणं मात्र बाजीवाल्याचं नाहीच. ते कर्जाचं आहे, आणि कर्ज कायदेशीर आहे.

बंदी आणि मोकळीक यांच्या मधली जागा काही देशांनी शोधली. नॉर्वेनं २००७ मध्ये जुगाराची नाण्यांची मशीनं उचलली आणि दोन वर्षांनी दुसरी आणली, ज्यांत हरण्याची हद्द आधीच ठरलेली. ब्रिटननं २०१९ मध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या मशीनवरचा डाव शंभर पौंडांवरून दोनवर आणला आणि पुढच्या वर्षी क्रेडिट कार्डावर खेळणं बंद केलं. म्हणजे काय, तर वीस चिंचोके, आणि उधार नाही.

(माजघर. रात्र.)

या घरानं आपली हद्द आपणच आखली. त्याच्याकडे आता बटणांचा फोन आहे. यूपीआय बायकोच्या फोनवर, पिन तिला ठाऊक. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिनंच लावला होता. पहिल्यांदा तो बोललाच नाही, फोन कानाला धरून नुसता बसला. गेल्या पाडव्याला डबा निघाला, पोरांनी डाव मांडला, तेव्हा तो गच्चीवर गेला. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही. साडेदहाला खाली आला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

नवं पासबुक तिनं दाखवलं. पगार. दूध. हप्ता. हप्ता. शाळेची फी. हप्ता.