मान टाकलेले पक्षी

राजस्थानातलं सांभर, देशातलं सर्वांत मोठं अंतर्गत खारं सरोवर. नोव्हेंबर 2019 मध्ये इथे स्थलांतरित पक्ष्यांचा खच पडला. थापट्या बदकं, शेकाटे आणि इतर कितीतरी. सरकारी मोजणी 18,000 च्या पुढे गेली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं कारण सांगितलं: बोट्युलिझम.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू चिखलात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. ऊब मिळाली, प्राणवायू संपला आणि कुजकं मांस लाभलं, की तो विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात. त्यांच्या अंगात विष साठतं, पण त्यांना काहीच होत नाही. भुकेलं बदक त्या अळ्या टिपतं आणि मरतं. त्याच्यात पुन्हा अळ्या.

हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच अडवतं. पाय आणि पंख लुळे पडतात, मग मान कलंडते. ती उचलता येत नाही म्हणून कित्येक बदकं वीतभर पाण्यात बुडून मरतात. जन्मभर पाण्यावर तरंगलेल्या जिवाला असं मरण यावं, हे बघवत नाही.

पण वेळेत हाती लागलेला पक्षी वाचू शकतो. सांभरकाठी शेकडो आजारी पक्षी उपचारांसाठी उचलून आणले गेले. प्रतिविष असतं, पण एवढ्या पक्ष्यांना पुरेल इतकं आणायचं कुठून? खरा आधार सावली, पाणी आणि शुश्रूषेचाच. चोचीत पाणी ओतायचं नाही; गिळण्याची ताकद गेलेली असते, ते श्वासनलिकेत उतरतं. जाणकार माणूस बारीक नळी अन्ननलिकेत सरकवून पाणी देतो. छातीखाली कापडाची चुंबळ, मान वर राहील अशी. पक्ष्यांचा डोळा ओला ठेवणारी तिसरी पापणी हलत नाही, म्हणून डोळ्यांत थेंब. सौम्य विषबाधा असेल तर काही दिवसांत पक्षी मान सावरतो.

आणि काठावर चिखल तुडवत मेलेले पक्षी गोळा करणारी माणसं? माझ्या लेखी तीही उपचारच करत असतात. उचलून खोल पुरलेल्या पक्ष्यातल्या अळ्या दुसऱ्या कुणाच्या चोचीत जात नाहीत.

बरा झालेला पक्षी लगेच सोडत नाहीत. तो नीट पोहतो का, पिसं पाणी धरत नाहीत ना, उड्डाणात दम आहे का, हे आधी पाहतात. मग साथ नसलेलं पाणी शोधून तिथे सोडतात. कारण एकदा वाचलेल्या पक्ष्यालाही हे विष पुन्हा बाधू शकतं.