बिननावाचं वादळ

(दृश्य : पंढरपूर. चंद्रभागेचं पात्र, कुंभार घाटाच्या पायऱ्या.)

१३ ऑक्टोबर २०२०, सकाळ. बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा जोर चक्रीवादळाएवढा नव्हता, म्हणून त्याला नाव मिळालं नाही. त्याच रात्री हैदराबादच्या वस्त्या पाण्यात गेल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी विणकर घरांची सोयरीक तिकडची. दुसऱ्या दिवशी तोच पाऊस आपल्या दारात होता.

१४ तारखेला या घाटावरची भिंत कोसळली. सहा माणसं गेली.

समुद्र आपल्यापासून फार लांब आहे, असं आपण सोलापूरकर मानतो. आपली ओळख दुष्काळी. पण काकीनाड्याहून निघालेल्या त्या पावसाला या घाटापर्यंत यायला एका दिवसाहून जास्त वेळ लागला होता. एवढा वेळ हाताशी असताना काय करता येतं, हे किनाऱ्यावरच्या माणसांना विचारायला हवं.

(दृश्य : ओडिशाचा किनारा. उंच खांबांवरची शाळा.)

२९ ऑक्टोबर १९९९ला ओडिशात महाचक्रीवादळ आलं. सुमारे १० हजार माणसं दगावली. १४ वर्षांनी, २०१३मध्ये, गोपाळपूरजवळ फायलिन चक्रीवादळ धडकलं. तेव्हा जवळजवळ १० लाख लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा काही दहांवर थांबला. मधल्या काळात तिथे खांबांवर उभ्या इमारती झाल्या. एरवी त्यातल्या कित्येकींत शाळा भरते, वादळात गाव तिथे मुक्कामाला जातं. गावागावांत स्वयंसेवक तयार झाले. कोणत्या घरात चालता न येणारी आजी आहे, कुठे बाळंतीण आहे, हे त्यांना आधीच माहीत असतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. इशारा हवामान खातं देतं, पण आजीला उचलून न्यायला शेजारचाच कुणीतरी लागतो.

किनाऱ्यावरच्या शहरांचं दुखणं आणखी वेगळं. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळात चेन्नईवर पाऊस कोसळत होता आणि खवळलेला समुद्र नद्यांचं पाणी आत घेत नव्हता. मुंबईतही मोठ्या भरतीला हेच होतं. म्हणून तर हिंदमाता या सखल भागातलं पाणी साठवायला मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या.

आपल्याकडे समुद्राची जागा भीमा आणि सीना घेतात. नदी फुगली की ओढ्यानाल्यांचं पाणी मागे वळतं. आपण त्याला फुगवटा म्हणतो. पंढरपूरला तर दोन्हीकडून पाणी येतं: उजनीतून भीमेचं आणि वीर धरणातून नीरेचं. नीरा नरसिंहपूरला दोन्ही एक होतात आणि पुढे निघतात.

(दृश्य : सोलापूर शहर. आदिला नदी, दोन्ही काठांना घरं.)

ही आदिला. हिच्यावरच इंग्रजांच्या काळात एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव झाला. शहरात आज बहुतेक जण हिला नालाच म्हणतात. नदीला एकदा नाला म्हटलं की तिच्या काठावर भिंत घालताना हात थरथरत नाही. चेन्नईनं पल्लीकरणैची दलदल अशीच भरत नेली, आणि पाणी आपल्या जुन्या जागी परत आलं.

हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते उतरतंही तसंच, थोड्या तासांत. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेनं माढा, मोहोळकडच्या गावांत शिरून हे दाखवलं. रब्बीची आशा धरून बसलेल्या शेतातून मातीच वाहून गेली.

(दृश्य : पंढरपूर, नदीकाठची वस्ती. संध्याकाळ.)

नदी वाढली की व्यासनारायण झोपडपट्टीतली घरं आधी रिकामी करावी लागतात. पुढच्या ऑक्टोबरात नकाशावर एखादं बिननावाचं क्षेत्र काकीनाड्याकडे सरकेल. तेव्हा इथे कुणी कुणाचं दार ठोठवायचं, कुणाच्या आजीला कुणी उचलायचं आणि कोणत्या शाळेत न्यायचं, याची यादी आजच्या संध्याकाळीही करता येईल.