पेंड, चोथा आणि शेळीचं दूध

(दृश्य: गव्हाणीत टाकलेल्या पाल्यातून शेळी ओठांनी पानं वेचते, जाड देठं मागे ठेवते.)

शेळी निवडून खाते. भुईमुगाचा पाला टाकला, तर आधी पानं संपतात, देठं शेवटी. हरभऱ्याचं कुटार, टोमॅटोची सालं-बिया, द्राक्षांचा रस काढून उरलेला चोथा, जवसाची पेंड... आपल्या ताटात यातलं काहीच येत नाही. शेळी त्याचं दूध करते.

हे काम होतं कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात. आपल्याला न पचणारे तंतू तिथले जिवाणू फोडतात. मात्र चाऱ्यातली असंतृप्त चरबीही ते संतृप्त करून टाकतात. त्यामुळे जवसात ओमेगा-३ कितीही असो, दुधात त्यातलं थोडंच उतरतं.

(दृश्य: द्राक्षाचा ओलसर चोथा, जवळून.)

या चोथ्यात टॅनिन असतं, चवीला तुरट. टॅनिनमुळे जिवाणूंचं काम मंदावू शकतं. मग चरबी संतृप्त होताना मधल्या टप्प्यावर बनणारं व्हॅक्सेनिक आम्ल अर्ध्या वाटेवरच शिल्लक राहतं, रक्तातून कासेत पोचतं आणि तिथे त्याचं रुमेनिक आम्ल होतं, म्हणजे आरोग्याला चांगलं मानलं जाणारं एक चरबीचं आम्ल. परिणाम दर वेळी सारखा दिसत नाही. चोथा कुठला, किती घातला, सोबत काय दिलं, यावर तो ठरतो.

तेलकट पेंड जास्त झाली की गायीच्या दुधाचं फॅट बऱ्याचदा उतरतं. शेळीचं सहसा उतरत नाही, उलट वाढतं. शिवाय त्यात पामिटिक आम्ल या संतृप्त चरबीचा वाटा घटतो, आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्यांत हे आम्ल येतं.

फायदा आहे, पण तो फुगवून सांगणं मला पटत नाही. पेलाभर दुधात चरबी साधारण आठ ग्रॅम. त्यातलं ओमेगा-३ दुप्पट झालं, तरी हिशोब मिलिग्रॅमातच राहतो. जवसाची पूड चमचाभर खाल्ली, तर त्याहून कितीतरी जास्त मिळतं. आणि शेळीच्या दुधात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व मुळातच कमी असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते देऊ नये, मग शेळीला काहीही खाऊ घाला.

(दृश्य: पेंडीचा खडा फोडला जातो. आत हिरवट-करडी भुकटी.)

खरी काळजी इथे आहे. ओल लागलेल्या शेंगदाणा किंवा सरकी पेंडीवर अॅस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी१ तयार करते. यकृताचा कर्करोग घडवणारं हे विष. शेळीच्या शरीरात त्याचं अफ्लाटॉक्सिन एम१ होतं आणि दिवसभरातच ते दुधात दिसू लागतं. दूध उकळून ते जात नाही. चीज केलं तर केसिन या दुधातल्या प्रथिनाला चिकटून आणखी दाट होतं. दुधातल्या एम१ साठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघाची त्याच्याही दहा पट कडक, 0.05. बुरशी डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून नुसती वरून पाहून पेंड पास करू नये.

ओला चोथा एक-दोन दिवसांत खराब होऊ लागतो. तो कडक उन्हात वाळवावा, नाहीतर हवाबंद दाबून मुरघास करावा. पेंडीची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. मोहरीवर्गीय पेंड बेतानंच द्यावी, तिच्यामुळे दुधातलं आयोडीन घटतं.

संशयित पेंड बंद केली की काही दिवसांत एम१ दुधातून नाहीसं होतं. तोवरचं दूध घरातही वापरू नये, विकूही नये.