कोणता त्साइटलिन?

लिओ त्साइटलिन हा संगीतकार 1884 मध्ये पिन्स्कला, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये जन्मला आणि 1930 मध्ये न्यूयॉर्कला वारला. नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. ग्रंथालयाच्या सूचीत हा माणूस एका जागी सापडतच नाही. रशियन नोंदीत तो 'त्सेयतलिन', जर्मन वळणाच्या छपाईत 'झेड'खाली, आणि इंग्रजी वाचणाऱ्याच्या तोंडी 'झाइटलिन'. त्यात भर म्हणजे त्याच पिढीत पीटर्सबर्गच्या कॉन्झर्वेटरीतून बाहेर पडलेला दुसरा एक लेव त्सेयतलिन होता. 1922 मध्ये मॉस्कोत संचालकाविना वाजणारा 'पेरसिमफान्स' वाद्यवृंद उभा करणारा व्हायोलिनवादक तो हाच. म्हणून त्याच्या रचनांच्या शोधाची सुरुवात सुरांपासून नाही, नावापासून करायची. वडिलांचं नाव 'मोइसेयेविच' दिसलं, की तो आपला नव्हे. आपला 1923 मध्ये अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल या चित्रपटगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवू लागला. तिथली संगीताची जुळवाजुळवही तो करायचा. 'पालेस्तिना' ही त्याची पूर्वरंगरचना (ओव्हर्चर) 1929 मध्ये त्याच वाद्यवृंदासाठी झाली.

त्याची मुळं मात्र पीटर्सबर्गच्या 'ज्यू लोकसंगीत सोसायटी'त, स्थापना 1908. यातला 'लोक' हा शब्द सरकारी परवान्यापायी आला असं सांगतात. ज्यूंचं वेगळं संगीत असतं हे अधिकाऱ्याला पटेना. मेणाच्या नळ्यांवर गाणी ध्वनिमुद्रित करत खेडोपाडी हिंडणं आणि त्या चालींवर पियानोसह गीतं, चार वाद्यांच्या चौकडीसाठी रचना बांधणं हे या वर्तुळाचं काम. भाषा मुख्यतः यिद्दिश. पूर्व युरोपातल्या ज्यूंची, जर्मनच्या कुळातली, पण हिब्रू लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांची घरची भाषा मराठी, यिद्दिश त्यांची कधीच नव्हती.)

आणि खरी कटकट इथेच आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी डावीकडून उजवीकडे धावते, शब्द उलटे. म्हणून बऱ्याच जुन्या छपाईत शब्द रोमन अक्षरांत, जर्मन वळणाने दिलेले असतात. तिथे स्वरापूर्वीचा 'एस' झ वाचायचा, 'डब्ल्यू' व, 'सीएच' घशातला ख, आणि 'झेड' त्स. 'एस-यू-एन' म्हणजे 'झुन', सूर्य. इंग्रजीच्या सवयीने गायिका 'सन' म्हणते, अर्थ योगायोगाने जुळतो आणि चूक महिनोन्महिने कळत नाही!

मराठी गायकांसाठी शब्द देवनागरीत उतरवून घ्या, काम सोपं होतं. पण दोन खुणा हव्यात. झ 'माझा'तला, 'झेंडा'तला नव्हे. दुसरी गोष्ट, 'विगेले' (पाळणा) या शब्दात आघात 'वि'वर असतो आणि पुढचे दोन्ही 'ए' अगदी तोकडे. मराठीत 'ए' दीर्घ म्हणायची सवय, त्यामुळे शेवटचा 'ले' ताणला जातो आणि अंगाईचा डोलच मोडतो.

त्यानंतर बोलीचा प्रश्न. तीच अक्षरं उत्तरेचा लिथुआनियन वळणाचा माणूस 'झुन' वाचतो आणि पोलंड-युक्रेनकडचा 'झिन'. कवी दक्षिणेचा असेल तर त्याचं 'झुन' 'बिन'शी यमकात बसलेलं असतं. प्रमाण, म्हणजे 'झुन' उच्चारात गायलं की यमक गेलं. यमक तपासल्याशिवाय बोली ठरवू नये आणि एकदा ठरवली की एकाच गाण्यात दोन बोली मिसळू नयेत.

पानांबद्दल थोडक्यात. 1910 च्या आसपासचा लाकडी लगद्याचा कागद घडी घातली की तुटतो; पुस्तक पूर्ण न उघडता वरून छायाचित्र घ्या. स्कॅन 600 डीपीआयवर करा. 300 वर मात्रा वाढवणारा टिंब, तोडून वाजवायचा टिंब आणि कागदावरचा डाग यांत फरक करता येत नाही. नंतर प्रत्येक वाद्याच्या सुट्या प्रतीतली मापं (दोन उभ्या रेघांमधले तुकडे) मोजून मुख्य प्रतीशी ताडा. चूक सापडायची सर्वाधिक शक्यता व्हायोलात असते, कारण मधल्या क्लेफवर (ओळीच्या सुरुवातीच्या स्वरखुणेवर) नक्कल करणाऱ्याचा हात घसरतो. त्साइटलिनच्या चेंबर संगीताची (मोजक्या वादकांसाठीच्या रचनांची) संपादित आवृत्ती 2009 मध्ये निघाली. चेलोवादक पॉला आयझेनस्टाइन बेकर यांच्या वर्षानुवर्षांच्या शोधाचं ते फळ. त्याच्या हयातीत छापलेल्या मूळ रचनांवरचा हक्क भारतात केव्हाच संपला आहे, पण नव्या संपादनाचा नाही. त्या आवृत्तीच्या झेरॉक्स काढू नका.

चेलो-पियानोची 'एली झिऑन' (1914) ही त्याची सर्वांत जास्त वाजणारी रचना. तिच्यात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी गायलं जाणारं विलापगीत आहे आणि 'गीतांचं गीत' हा हिब्रू बायबलातला ग्रंथ वाचायचा 'त्रोप'ही आहे. त्रोप म्हणजे अक्षरांच्या वर-खाली दिलेली पठणाची चिन्हं. एक चिन्ह म्हणजे एक सूर नव्हे, सुरांचा एक छोटा घोळका. ही चाल मुळात मापात नसते, वाक्याच्या लयीत चालते. छापील प्रतीत ती मापाच्या रेघांत कोंबावी लागते आणि चेलोवादक एक-दोन-तीन मोजू लागला की पठणाची कवायत होते. उपाय साधा आहे. आधी चेलो खाली ठेवून हिब्रू ओळ तोंडाने म्हणायची, वाक्य कुठे संपतं तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि गजाची दिशा तिथेच बदलायची, मापाची रेघ कुठेही असो. पियानोवाल्यानेही तिथे पेडल सोडायचं, नाहीतर मागच्या वाक्याची शेपूट पुढच्याच्या तोंडात अडकते.